पैनगंगेच्या अलीकडची हमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व सरहद्दीवर, जेथे पैनगंगेच्या पात्रात महाराष्ट्राचा अंमल संपतो आणि पलीकडच्या काठावर तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो, तेथे झरी जामणी हा तालुका वसलेला आहे. कपाशीची काळी जमीन, मधून मधून सागाचे रान, मुकुटबनच्या आसपासचा कोळशाचा व चुनखडीचा पट्टा, माजरीहून वणी-मुकुटबनमार्गे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग, आणि या सर्वांपासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या गोंडांच्या व कोलामांच्या वस्त्या, असे या मुलखाचे सामान्य स्वरूप आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित वर्गात केली आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्या जोडीला कोलामही आहेत. मूळ गावापासून दूर, बहुधा रानाच्या कडेला असलेल्या त्यांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. गावापर्यंत आलेली सडक पोडापर्यंत पोहोचण्यास कित्येकदा आणखी एक पिढी जावी लागली, आणि सडकेच्या बाबतीत जे घडले तेच दवाखान्याच्या बाबतीतही घडले.

गेल्या पाव शतकात राज्याच्या व केंद्राच्या सरकारांनी गरिबांच्या आजाराचा खर्च विम्याच्या मार्गाने उचलण्याचे एकामागून एक प्रयत्न केले. त्या प्रयत्नांनी वैद्यकीय उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आले किंवा नाही, हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या सभागृहांत आकड्यांच्या आधारे पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु त्याचे खरे उत्तर शोधावयाचे असेल तर जिल्ह्याच्या ठाण्यापासून शंभराच्या आसपास किलोमीटर दूर असलेल्या अशा एखाद्या तालुक्याचा इतिहास पाहणे अधिक फलदायी ठरेल, असे मला वाटते. झरी जामणीच्या बाबतीत तर दैवाने एक विलक्षण योग जुळवून आणला. नदीच्या एका काठावर विमा आला आणि दुसऱ्या काठावर तो पाच वर्षांहून अधिक काळ आला नाही.

हा प्रदेश वऱ्हाडचा. निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते 1853 साली. त्यानंतर 1864 मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि 1905 च्या फेररचनेत त्यालाच यवतमाळ जिल्ह्याचे आजचे रूप आले. आजची झरी जामणी म्हणजे त्या जुन्या वणी-केळापूर मुलखाचाच सरहद्दीवरचा तुकडा होय. इंग्रजी अमलात जमाबंदी, जंगल आणि कापूस या तीन गोष्टींचे दप्तर जितक्या काटेकोरपणे ठेवले गेले तितकी काळजी रयतेच्या प्रकृतीची कधीच घेतली गेली नाही. दवाखाना म्हणजे तहसिलीच्या किंवा मोठ्या बाजाराच्या गावी असलेली एखादी इमारत. तेथवर जो पोहोचेल त्याला औषध मिळेल, न पोहोचेल त्याची गणना कोतवालाच्या आणि पाटलाच्या मृत्युनोंदीत होईल, अशी ती व्यवस्था होती. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला, त्याचे कारण केवळ रोगाची दाहकता हे नव्हते. दुष्काळाने खंगलेली प्रजा आणि तिच्यापासून दूर असलेला दवाखाना हेही त्याचे कारण होते.

दुसरे महायुद्ध चालू असता या देशात प्रथमच दोन मोठ्या तजविजी एकाच वेळी कागदावर आल्या, आणि पुढील पाऊणशे वर्षांचा सारा वाद त्या दोहोंच्या भेदातच बीजरूपाने सामावलेला आहे. पहिली तजवीज सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीची. भोर हे नाशिकास जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि मुलकी सेवेत उच्च पदास चढलेले गृहस्थ. 1943 साली नेमलेल्या त्यांच्या समितीने 1946 मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात पैशाअभावी कोणाही माणसास उपचार नाकारला जाऊ नये हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले, आणि ते साधण्यासाठी विम्याच्या वर्गणीवर विसंबण्याऐवजी सरकारी खजिन्यातून चालणाऱ्या, खेड्याच्या जवळ असणाऱ्या आरोग्य केंद्रांवर भिस्त ठेवली. आरंभीच्या टप्प्यात चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा तिचा हिशेब होता. ज्या देशात बहुसंख्य प्रजेपाशी वर्गणी भरण्यापुरतीही शिल्लक नाही तेथे विमा सर्वांपर्यंत जाणार नाही, ही समितीची विचारसरणी होती. त्याच सुमारास बिव्हरिज यांच्या 1942 च्या अहवालावर ब्रिटनमध्ये मंथन चालू होते आणि 1948 च्या जुलैत तेथे सरकारी खजिन्यातून चालणारी सार्वत्रिक आरोग्यसेवा सुरूही झाली, हे लक्षात घेतले म्हणजे भोर समिती काळाच्या किती बरोबरीने चालत होती याची कल्पना येते.

दुसरी तजवीज प्रा. बी. पी. अडारकर यांची. कारखान्यांतील कामगारांसाठी आजारविम्याची योजना आखण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते, आणि 1944 मध्ये त्यांनी ती सादर केली. जर्मनीत बिस्मार्कने 1883 साली जी वाट घालून दिली, म्हणजे कामगार आणि मालक या दोघांनी वर्गणी भरावी आणि आजारपणात त्या निधीतून उपचार व काही वेतन मिळावे, तीच वाट हिंदी परिस्थितीस अनुरूप करून त्यांनी पुढे मांडली. तिच्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. 1952 च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि 1954 मध्ये तो विदर्भात, नागपुरास पोहोचला.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते आणि यवतमाळ त्याच राज्याचा एक जिल्हा. मग या कायद्याचा लाभ पैनगंगेच्या काठी का झाला नाही? उत्तर कायद्याच्या व्याख्येतच दडलेले आहे. हंगामी कारखान्यांना त्यातून वगळण्यात आले होते, आणि त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत सरकी काढण्याचे व कापसाचे गठ्ठे दाबण्याचे कारखाने नावानिशी घातलेले होते. वणी-पांढरकवड्याच्या बाजूला कारखाना म्हणावा तर जिनिंग-प्रेसिंगचाच! दिवाळीनंतर चार-सहा महिने धुळीत आणि कापसाच्या तंतूंत श्वास घेऊन खोकला जडवून घेणारा मजूर कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरला तरी विमेदार ठरला नाही. खाणींनाही तो कायदा लागू नव्हता. त्यांची व्यवस्था निराळी होती. आणि शेतावर राबणाऱ्या मजुराचा तर या सर्व विचारात समावेशच नव्हता. विम्याने ज्याला प्रथम हात दिला तो शहरातला, बारमाही गिरणीतला, हजेरीपत्रकावर नाव असलेला माणूस होता. हजेरीपत्रकाबाहेरचा माणूस भोर समितीच्या आरोग्य केंद्राची वाट पाहत राहिला. ती केंद्रे पुढे उभी राहिली खरी, पण डॉक्टरांच्या रिकाम्या जागा आणि औषधांचा तुटवडा ही त्यांची जुनी दुखणी आदिवासी भागात विशेष तीव्र राहिली.

येथे वर्धा नदीपलीकडच्या एका प्रयोगाकडे वळणे अवश्य आहे, कारण खेड्यातील माणसाला विमा समजणार नाही, परवडणार नाही, ही जी समजूत सर्वत्र रूढ होती तिला विदर्भाच्या मातीतच छेद देण्यात आला. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीतच सुरू झाले, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. या संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी यांनी 1980 च्या आगेमागे आसपासच्या खेड्यांतून ज्वारीच्या स्वरूपात आरोग्यविम्याची वर्गणी गोळा करण्याचा उपक्रम चालविला. रोख पैसा नसला तरी सुगीच्या वेळी घरात धान्य असते, या साध्या निरीक्षणावर तो आधारलेला होता. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यावी, भूमिहीनाने अल्प द्यावी, पण रुग्णालयात दोघांना मिळणारा उपचार सारखाच असावा. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्याशिवाय गावाला योजनेत घेऊ नये. अकस्मात ओढवणाऱ्या आजारासाठी रुग्णालयात पैसा घेऊ नये, आणि ज्याची पूर्वकल्पना असते अशा उपचारासाठी मात्र खर्चाचा काही अंश रुग्णाने सोसावा, असे त्याचे नियम होते.

या नियमांत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ज्वारी ही नव्हे. गोळा झालेल्या त्या वर्गणीतून गावातल्या आरोग्यसेवकाचा निर्वाह होई, परिचारिका व डॉक्टर ठरल्या दिवशी गावात येत, आणि रुग्णालयाची वाट गावकऱ्यांच्या परिचयाची होई. ही यातील खरी गोष्ट. विम्याची वर्गणी आणि विम्यातून मिळणारी सेवा यांच्यामध्ये कोणी त्रयस्थ नव्हता. रुग्णालयाने वागणुकीत कसूर केली तर गाव पुढच्या सुगीला जाब विचारू शकत होते, वर्गणी रोखूही शकत होते. पुढे राज्य आणि राष्ट्र यांच्या पातळीवर जे विमे आले त्यांत पैशाची रक्कम अवाढव्य झाली, पण हा जाब विचारण्याचा अधिकार कोठे तरी गळून पडला.

1990 नंतरच्या दशकांत ग्रामीण विदर्भाचे आर्थिक जीवन ढासळले त्याचा वृत्तांत सर्वपरिचित आहे. कपाशीचा उत्पादनखर्च चढत गेला, भाव गडगडले, सावकाराचे आणि कृषिकेंद्रवाल्याचे देणे वाढले, आणि यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी निगडित झाले. 2006 च्या जुलैत पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्या मदतीचा मोठा भाग सिंचन आणि कर्ज यांच्याशी संबंधित होता. परंतु ज्या अभ्यासकांनी या कुटुंबांच्या घरी जाऊन चौकशी केली त्यांच्या नोंदींत कर्जाच्या कारणांमध्ये घरातील आजारपण हे कारण वारंवार आढळते. बैलजोडी विकून शस्त्रक्रिया केली, दागिना गहाण टाकून नागपूर गाठले, हे या मुलखात अपवादाने ऐकू येणारे बोल नव्हेत. आजार हा शेतकऱ्याच्या अर्थव्यवस्थेवरचा, कोणत्याही अंदाजपत्रकात न मांडलेला कर होता.

त्या काळी महाराष्ट्रात जीवनदायी योजना नव्हती असे नाही. 1997 पासून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या मोजक्या दुर्धर आजारांसाठी दीड लाखापर्यंत साहाय्य देण्याची ती तरतूद होती. पण ती विमा नव्हती, अनुदान होते. आणि अनुदान मागावे लागते. दाखला, शिफारस, मंजुरी या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत रोग आपल्या गतीने पुढे जात असे, आणि त्या पायऱ्यांची माहिती पोडावरच्या माणसाला असण्याचा संभव फारच थोडा.

अशा स्थितीत 2007 च्या एप्रिलमध्ये पलीकडच्या, तेव्हाच्या अविभक्त आंध्र प्रदेशात मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने राजीव आरोग्यश्री ही योजना तीन जिल्ह्यांत सुरू केली, आणि 2008 च्या जुलैपर्यंत आदिलाबादसह सारे राज्य तिच्या कक्षेत आले. कुटुंबास वर्षाला दीड लाख, आणि गरज पडल्यास त्यावर आणखी पन्नास हजार, इतक्या खर्चाची हमी. रुग्णाने रुग्णालयात रोख रक्कम मोजावयाची नाही. आणि पात्रतेचा पुरावा म्हणजे घरातले पांढरे शिधापत्रक. बेला आणि जैनथ ही आदिलाबादची मंडले पैनगंगेच्या पलीकडच्या बाजूला आहेत. तेथील पुष्कळ लोक मराठी बोलतात, गोंड आणि कोलाम दोन्ही काठांवर राहतात, सोयरिकी नदी ओलांडून होतात, कपाशी दोन्हीकडे सारखीच वाळते. तरीही हृदयाची झडप बदलावी लागली तर एका काठावरचा सोयरा हैदराबादेस जाऊन बिलाविना परत येई, आणि दुसऱ्या काठावरचा शेत गहाण टाकण्याचा विचार करी.

यात भर पडली ती कार्डाच्या रंगाची. आंध्रात पांढरे शिधापत्रक गरिबाचे, तर महाराष्ट्रात पांढरे कार्ड सधनाचे मानलेले. येथे गरिबाचे पिवळे आणि त्याच्या वरच्या पायरीवरचे केशरी. पलीकडे जो रंग रुग्णालयाचा दरवाजा उघडी, तोच रंग अलीकडे तो बंद करी. ही केवळ चमत्कारिक गोष्ट म्हणून येथे नमूद करीत नाही. कापूस पट्ट्यातील कित्येक कर्जबाजारी शेतकऱ्यांची कार्डे उत्पन्नाच्या जुन्या नोंदींमुळे पांढरी राहिली होती, आणि त्यांना विम्याबाहेर ठेवणे अन्यायाचे आहे हे महाराष्ट्र सरकारलाही पुढे मान्य करावे लागले. यवतमाळसह विदर्भातील सहा आणि मराठवाड्यातील आठ अशा चौदा जिल्ह्यांतील पांढरे कार्डधारक शेतकरी योजनेत घेतले गेले, ते याच कारणाने.

महाराष्ट्राने आंध्राचा धडा गिरविला तो 2012 साली. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली: मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, धुळे, सोलापूर, नांदेड, अमरावती आणि गडचिरोली. नकाशा उघडून पाहावा. अमरावती आणि नांदेड हे दोन्ही यवतमाळचे सख्खे शेजारी, आणि तिसरा शेजारी आदिलाबाद तर चार वर्षांपूर्वीच विमेदार झालेला. आत्महत्यांच्या चर्चेत ज्याचे नाव सर्वांआधी येई तो जिल्हा तीन दिशांनी विम्याने वेढलेला असूनही स्वतः त्याबाहेर राहिला. प्रयोगासाठी जिल्हे निवडताना प्रशासनाला काही ना काही निकष लावावेच लागतात, हे मान्य करूनही ही निवड मला आजही बोचते. अखेर 21 नोव्हेंबर 2013 रोजी नागपुरात योजनेचा राज्यव्यापी आरंभ झाला आणि यवतमाळचा त्यात समावेश झाला. दीड लाखाची हमी, मूत्रपिंडरोपणासाठी अडीच लाख, 971 उपचारपद्धती, आणि विमा कंपनीला हप्ता सरकार भरणार, असे तिचे स्वरूप होते.

मग या विम्याने उपचार जवळ आणले काय? ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने याचा शोध घेतला त्यांची साक्ष आधी ऐकली पाहिजे. 2004 आणि 2012 या दोन वर्षांतील आंध्र व महाराष्ट्र यांची तुलना करणारा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णालयीन खर्च आणि त्यासाठी काढावे लागणारे मोठे कर्ज या बाबतींत आंध्राची स्थिती महाराष्ट्रापेक्षा बरी आढळली. त्याच वर्षी उत्तर कर्नाटकातील वाजपेयी आरोग्यश्री योजनेविषयीचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. योजनेच्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या, एकूण 572 गावांची त्यात तुलना होती. योजनेत आलेल्या गावांत, ज्या आजारांना विम्याचे संरक्षण होते त्यांमुळे होणारे गरीब कुटुंबांतील मृत्यू 64 टक्क्यांनी कमी आढळले. एवढा मोठा फरक सहसा कोणत्याही सामाजिक योजनेच्या वाट्याला येत नाही. विमा म्हणजे निव्वळ खाजगी रुग्णालयांची धन, असे जे कोणी सरसकट म्हणतात त्यांनी या आकड्यापाशी थांबून विचार केला पाहिजे. कारण त्यामागे जिवंत राहिलेली माणसे आहेत.

परंतु त्या आकड्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची. कर्नाटकातील योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडून घेतलेल्या, रुग्णालयांनी खेड्यांत शिबिरे भरवून रुग्ण हुडकून काढावेत आणि त्यांच्या प्रवासाचीही सोय पाहावी, अशी व्यवस्था होती. आंध्रातही रुग्णाला वाट दाखविणारा आरोग्यमित्र थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात बसविलेला होता. महाराष्ट्रात शिबिरांची तरतूद होती, पण आरोग्यमित्राचे मेज मुख्यतः सामान्य व जिल्हा रुग्णालयांत आणि अंगीकृत रुग्णालयांत मांडले गेले. म्हणजे विम्याची वाट दाखविणारा मनुष्य भेटण्यासाठी आधी बहुतेक वाट चालून यावे लागे! माथार्जुन किंवा शिबल्याच्या बाजूच्या एखाद्या पोडावरील स्त्रीच्या छातीत कळ येते तेव्हा तिला तो मनुष्य पहिल्या पावलावर हवा असतो. यवतमाळ, वर्ध्याजवळचे सावंगी किंवा नागपूर येथे पोहोचल्यावर तिच्या आजाराचे नाव आणि त्याची मोफत शस्त्रक्रिया या दोन्ही गोष्टी तिला कळतात, पण पोहोचणे हाच तर आजाराचा अर्धा भाग.

विम्याची दुसरी मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे. तो खाटेवर पडलेल्या रुग्णाचा पैसा भरतो. उभ्या रुग्णाचा नाही. हिवताप, क्षय, आदिवासींत आढळणारा सिकलसेल, बाळंतिणीचा रक्तक्षय, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, हे झरी जामणीच्या मुलखातील नित्याचे आजार होत, आणि यांतील बहुतेकांचा उपचार रुग्णालयाच्या खाटेवर होत नाही, बाह्यरुग्ण विभागात, औषधाच्या दुकानात आणि घरी होतो. देशभरातील कुटुंबांचा आरोग्यावरील स्वतःच्या खिशातला खर्च पाहिला तर त्यातला फार मोठा भाग अशाच किरकोळ दिसणाऱ्या, पण वारंवार होणाऱ्या उपचारांवर व औषधांवर होतो. तेथे दीड लाखाची हमी निरुपयोगी ठरते. तेथे हवी असते ती शेजारच्या उपकेंद्रातील औषधांनी भरलेले कपाट आणि ठरल्या वेळी हजर असणारा माणूस.

2017 च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्याने हे फार भयंकर रीतीने अनुभवले. कपाशी त्या वर्षी डोक्यापर्यंत वाढली होती, बोंडअळीच्या भयाने जहाल कीटकनाशकांची मिश्रणे फवारली जात होती, आणि फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा होऊ लागली. शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णांनी भरून गेले. याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्याच्या विमा योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले होते. म्हणजे विमा होता, पांढऱ्या कार्डाचा शेतकरीही त्यात होता. पण अशा विषबाधेत पैशापेक्षा तासांना महत्त्व असते. श्वास मंदावत असता पहिल्या दवाखान्यात अॅट्रोपिन आहे काय, श्वसनयंत्र किती दूर आहे, रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय कोठे आहे, या प्रश्नांवर जीव अवलंबून होता. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात धावू लागली, तिने अनेकांचे प्राण वाचविले हे खरे. पण रुग्णवाहिका हे अंतर कापण्याचे साधन आहे, अंतर मिटविण्याचे नव्हे.

यानंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. 23 सप्टेंबर 2018 रोजी रांची येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ केला. कुटुंबास वर्षाला पाच लाखांची हमी, आणि पात्रता 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवरून. महाराष्ट्रात अशी सुमारे 84 लाख कुटुंबे निघाली. 1 एप्रिल 2020 पासून केंद्राची आणि राज्याची योजना एकत्र राबविण्यात येऊ लागली, आणि एकाच गल्लीतील एका घराला पाच लाख तर दुसऱ्याला दीड लाख असा भेद काही वर्षे चालला. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने तो भेद मिटवून राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांची हमी देण्याचे ठरविले, आणि 1 जुलै 2024 पासून ती अमलात आली. उपचारांची संख्या 1,356 झाली. कार्डाचा रंग आता आड येत नाही. पलीकडे तेलंगणाने 2023 च्या डिसेंबरात आपली हमी दहा लाखांवर नेली, तेव्हा पैनगंगेच्या दोन काठांतला फरक पुन्हा निर्माण झाला असला तरी पूर्वीइतका तो जीवघेणा राहिलेला नाही. पाच लाखांच्या वर जाणारा आजार झरी जामणीत क्वचित. पाच लाखांपर्यंत पोहोचूच न शकणारा रुग्ण मात्र विरळा नाही.

देशाच्या आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2014-15 मध्ये 62.6 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आल्याचे सरकारचा आरोग्यलेखा सांगतो. विम्याचा त्यात काही वाटा निश्चित आहे. मोठ्या आजाराने घर बुडू नये, ही जी हमी 1948 साली जिनिंगमधल्या मजुराला नाकारली गेली होती, ती आज त्याच्या नातवाला मिळाली आहे, आणि हे यश लहान नव्हे. मात्र ही हमी ज्या रुग्णालयांत वटते ती कोठे आहेत, याचा विचार विम्याच्या रचनेने कधी आपले काम मानला नाही. खाजगी रुग्णालय जेथे रुग्णांची गर्दी आणि तज्ज्ञांची सोय असते तेथेच निघते. सरकारने हप्ता भरला म्हणून ते मुकुटबनला किंवा पाटणला येत नाही. विम्याचा पैसा आपोआप सेवा निर्माण करील ही जी अपेक्षा आरंभी बाळगली गेली, ती दाट वस्तीच्या जिल्ह्यांत काही अंशी खरी ठरली; या कोपऱ्यात ती खरी ठरली नाही, आणि ठरण्याचे कारणही नव्हते.

तरीही या योजनेतच एक तरतूद अशी आहे की जिच्याकडे या मुलखातील लोकप्रतिनिधींनी अधिक लक्ष दिले पाहिजे. शंभराहून अधिक उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि सरकारी रुग्णालयाने योजनेखाली उपचार केले तर त्याचा मोबदला त्या रुग्णालयाच्या पदरात पडतो, यंत्रसामग्रीवर व कर्मचाऱ्यांवर तो खर्च करता येतो. म्हणजे पांढरकवडा, वणी, झरी यांसारख्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक खरोखर नेमले गेले, तेथे रक्ताची साठवण आणि श्वसनयंत्र आले, तर नागपूर-सावंगीकडे वाहून जाणारा विम्याचा पैसा याच तालुक्यांत थांबेल आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकांना पुरेल. त्यासाठी आधी एकदा खजिन्यातून, विम्याच्या हप्त्याबाहेर, खर्च करावा लागेल, भोर समितीने सांगितला होता तसा. पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे, जिल्हा परिषदेकडे आणि आरोग्य खात्याकडे मिळून ती रक्कम उभी करण्याचा अधिकार आहे. आणि आरोग्यमित्राचे मेज जिल्ह्याच्या ठाण्याहून उचलून प्राथमिक आरोग्य केंद्रात मांडण्यास, कोलामी आणि गोंडी बोलणारा माणूस तेथे बसविण्यास, कायद्यातील एका शब्दाचीही दुरुस्ती करावी लागणार नाही. त्याला एक परिपत्रक पुरेल.